सुंगटांचं नाटक

"म्हणजे राखणदार बदलणार," दादा म्हणाला.

डॉ. सबनीसांनी हातातलं पेन खाली ठेवलं. रक्ताचा कॅन्सर, हाडांतला मगज आणि पेशी हे सगळं त्या बराच वेळ समजावून सांगत होत्या. एवढ्या वेळात दादा पहिल्यांदाच काहीतरी बोलला होता.

"राखणदार कोण?"

"आमच्याकडे प्रत्येक गावाला असतो. दिसत नाही कोणाला. काठी घेऊन वेशीवर फिरतो. बाहेरचं वाईट काही आलं तर आत सोडत नाही."

"मग बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जखम झाली, जंतू शिरला, की धावून जाणाऱ्या पेशी असतात. आपलं कोण, परकं कोण, हे त्यांना कळतं. आणि एकदा ज्याच्याशी गाठ पडली त्याला त्या विसरत नाहीत. तुमच्या या पेशी जिथं तयार होतात तिथंच बिघाड झालाय. तेव्हा तुमचं तिथलं सगळं औषधानं मारून टाकायचं आणि बहिणीचं आणून बसवायचं. भावंडांत जुळण्याची शक्यता चारात एक असते. तुमचं नशीब."

"विसरत नाहीत?" वैनीनं विचारलं. प्रश्न डॉक्टरांना होता, पण बघत होती ती माझ्याकडे.

तिच्या बघण्याला कारण होतं. त्याआधी चार वर्षं मी त्यांच्या घराची पायरी चढले नव्हते. ते वेंगुर्ल्याला, मी कोल्हापूरला. दिवाळीला फोनसुद्धा नाही. आणि आता मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात, थंडगार खोलीत, आम्ही तिघं एका बाकावर मांडीला मांडी लावून बसलो होतो.

"एक धोका सांगून ठेवते," डॉक्टर म्हणाल्या. "नव्या पेशींना यांचंच अंग परकं वाटू शकतं. मग त्या यांच्यावरच उलटतात. कातडीवर, आतड्यावर, लिव्हरवर. म्हणून वर्षभर तरी औषधं चालू राहतील."

"आणि भांडण असलं तर?" वैनी म्हणाली.

"कोणाचं?"

"भाऊ-बहिणीचं."

डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "भांडण रक्तात उतरत नाही," त्या म्हणाल्या. वैनीनं मान हलवली, पण ती डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून.

मग त्यांनी मला चार प्रश्न विचारले. कावीळ झाली होती का, बाळंतपणं किती, औषधं कुठली, ॲलर्जी कशाची.

"सुंगटांची," मी म्हटलं. "म्हणजे कोळंबीची. आणि कुर्ल्यांची, खेकड्यांची. बाकी मासे चालतात."

दादा हसला. अंगात रक्त नाही, ओठ कागदासारखे, दोन जिने चढला तर धाप लागायची, पण त्याला हसू आलं.

"तिका ॲलर्जी नाय, डॉक्टर," तो म्हणाला. "तिका नाटकाची आवड आसा."

*

हे नाटक काय ते सांगायला हवं, कारण आमच्या भावकीत ते सगळ्यांना पाठ आहे.

मी आठ वर्षांची होते, दादा तेरा. त्याचं नाव गजानन, पण गावात तो बाबल. आमच्याकडे सुंगटं रोज असायची आणि मी ती खात नसे. तोंड खाजतं म्हणायचे. किनाऱ्यावरच्या घरात जन्मून सुंगटं न खाणारी मुलगी म्हणजे काय, हे घाटावरच्या लोकांना सांगून कळणार नाही. आईला वाटायचं मी लाडावलेय. दादाला वाटायचं मी खोटारडी आहे, आणि खोटं उघडं पाडणं हा त्याचा तेव्हाचा छंद होता. एके दिवशी त्यानं गोलमा, म्हणजे बारीक सुकी सुंगटं, पाट्यावर वाटून खोबऱ्याच्या चटणीत मिसळली. मी भाकरीशी खाल्ली. मग तो समोर उभा राहून म्हणाला, "खाल्लंस? त्यात गोलमो व्हतो."

पुढचं मला तुटक आठवतं. गळा बंद होत गेला. मी आईला म्हणाले, "आये गो, माझ्या जिभेर केस इले." मग अंगणात पडले. शेजारच्या काकांनी सायकलवर घालून दवाखान्यात नेलं, तिथं इंजेक्शन दिलं आणि तासाभरात मी टुणटुणीत झाले. तेच माझं चुकलं. टुणटुणीत झालेल्या मुलीवर कोण विश्वास ठेवणार?

दादाचा मुद्दा एकच होता. खाईपर्यंत हिला काही झालं नाही, सांगितल्याबरोबर ही पडली. खरं म्हणजे पहिल्याच घासाला तोंड खाजायला लागलं होतं. पण त्यावरून आधीच इतकी बोलणी खाल्ली होती की मी गप्प राहिले. तर तेव्हापासून हे 'कुंद्याचं सुंगटांचं नाटक'. कुंद्या म्हणजे मी. लग्न, मुंज, बारसं, पंगत उठली की कोणीतरी म्हणायचं, बाबल, होऊन जाऊ दे. मग दादा डोक्यावर टॉवेल घेऊन माझा आवाज काढायचा, डोळे फिरवायचा, "आये गो, माझ्या जिभेर केस इले" म्हणायचा आणि धाडकन सतरंजीवर पडायचा. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, पण आमच्या दशावतारी कंपन्यांनी त्याला कसं सोडलं कोण जाणे. लोक हसून हसून बेजार व्हायचे. मीही हसायचे. न हसलं तर "राग इलो वाटता" म्हणतात, आणि मग दुप्पट हसतात.

चार वर्षांपूर्वी त्यानं ते माझ्या मुलीच्या साखरपुड्यात केलं. नव्या व्याह्यांसमोर. विहीणबाईंनी हसून मला विचारलं, "लहानपणापासूनच का हो अशा तुम्ही?" मी हसले. घरी आले आणि ठरवलं, पुरे.

आणि मग त्याचा फोन नाही, वैनीचा आला. ह्यांना बरं नाही, तुझं रक्त तपासशील का?

मी दुसऱ्या दिवशी गेले. तो माझा भाऊ आहे. याच्यापलीकडे मला त्याचं कारण देता येणार नाही.

*

पेशी द्यायच्या म्हणजे काही कापाकापी नसते. पाच दिवस पोटात इंजेक्शनं घ्यायची, मग हाडांतला माल वाढून रक्तात उतरतो. हाडं अशी ठणकतात की आपल्याला एवढी हाडं आहेत हे पहिल्यांदा समजतं. त्यानंतर दोन्ही हातांत सुया घालून यंत्राशेजारी पडून राहायचं. रक्त एका हातातून जातं, यंत्र हवं ते काढून घेतं, बाकीचं दुसऱ्या हातातून परत देतं.

त्याच सकाळी वैनीनं गावी देवळात गाऱ्हाणं घालायची व्यवस्था केली होती. देवळात मानकरी, इकडे स्पीकरवर फोन, आणि फोन माझ्या उशाशी.

"बा देवा म्हाराजा," मानकऱ्यांनी सुरुवात केली, "आज तुझो बाबल थंय मुंबयत आडवो पडलो आसा, तेका बरो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," पलीकडचे पाचदहा आवाज म्हणाले. वैनीही म्हणाली.

"तेच्या भयणीचा रगात तेच्या अंगात जाता, ता तेका मानवान दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि त्या रगतात काय राग-रुसवो, काय मागचा-फुडचा आसात, ता थंयच्या थंय काढून टाक रे म्हाराजा."

सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मग वैनी माझ्याकडे बघत राहिली. माझे दोन्ही हात यंत्राला बांधलेले. यंत्र सांभाळणारा मुलगाही बघत होता.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

संध्याकाळी काचेपलीकडे दादाला ती पिशवी लावली. त्याचे केस गेले होते, भुवया गेल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या पेशी सगळ्या मारून झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाल्या, या घटकेला साधी सर्दीसुद्धा त्यांना नेऊ शकते. राखणदार नसलेलं गाव. त्यानं पिशवीकडे पाहिलं आणि आतला फोन उचलून मला म्हणाला, "ह्या तर कोकमाचा सार."

"पी गप," मी म्हटलं.

रात्री माझा डोळा लागला नाही. मी डॉक्टरांचं ऐकलं होतं, शिकलेली बाई आहे, भांडण रक्तात उतरत नाही हे मला कळत होतं. पण माझा राग मला माहीत होता. चाळीसएक वर्षं मी तो हसत हसत गिळला होता, आणि गिळलेलं कुठंतरी जातंच. ते हाडात गेलं असलं तर? तो मेला असता तर वैनीनं मला दोष दिला असता, आणि मी तिला खोडून काढलं नसतं.

*

तो मेला नाही. पेशी रुजल्या. महिन्याभरात त्याच्या रक्तात माझे राखणदार फिरायला लागले. पुढं त्याचा रक्तगटही बदलला, बी होता तो माझ्यासारखा ओ झाला. "लायसनवर बी छापलेला आसा," त्यानं फोनवर तक्रार केली, "आता तुझ्यापायी आरटीओत जावक होया." आम्ही पुन्हा बोलायला लागलो होतो. साखरपुड्याचा विषय कोणी काढला नाही. आमच्या घरात विषय काढत नाहीत, त्याच्यावर माती पडेपर्यंत थांबतात.

वर्षभर पथ्य होतं. उकळलेलं पाणी, घरचंच जेवण, आणि कवचातलं काही नाही. मग औषधं कमी होत होत बंद झाली, डॉक्टरांनी पथ्य सोडलं आणि वैनीनं मला जेवायला बोलावलं. साडी ठेवलीय म्हणाली.

पाच वर्षांनी मी त्या घरात शिरले. दादाला केस आले होते, पहिल्यापेक्षा दाट. वैनीनं माझ्यासाठी बांगडा वेगळ्या तव्यावर भाजला होता, वेगळ्या भांड्यात सोलकढी. इतकी वर्षं त्या घरात मला कधी वाढायचा डावसुद्धा वेगळा मिळाला नव्हता. मला खरंच बरं वाटलं. दादाच्या ताटात मात्र वाटी भरून सुंगटांचं कालवण. वर्षभरानं. तो वाटीकडे बघत होता आणि वैनी त्याच्याकडे.

"मरणाच्या दारात माका सुंगटांचो वास येय," तो म्हणाला आणि जेवायला लागला.

पाचसहा घास झाले असतील. त्यानं ओठ चोळले.

"तिखाट झाला?" वैनीनं विचारलं.

"नाय. मसाल्याचो ठसको." तो पाणी प्यायला. मग गळा खाजवला. गळ्यावर गांधी उठत होत्या, एकेक रुपयाएवढी.

मी हातातला घास ताटात ठेवला.

"दादा, जेवू नको."

"माका कायएक होऊक नाय."

"दादा."

"कायएक होऊक नाय म्हणतंय मा." पण आवाज बसला होता. त्याचा वरचा ओठ सुजून पुढं आला होता. वैनी उभी राहिली. "उलटला," ती म्हणाली. "देवा, रगात उलटला." तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं होतं.

दादानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. जीभ टाळ्याला घासत होता, आत काहीतरी अडकल्यासारखा. दोनतीनदा घासली. मग त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"कुंद्या," तो म्हणाला, "जिभेर केस इले."

त्यानं टॉवेल घेतला नव्हता. डोळे फिरवले नव्हते. या वाक्याला त्या घरात कोणी हसलं नाही अशी ती पहिलीच वेळ.

'पटलं का आता?' असं विचारायची मला फार इच्छा झाली. पण उत्तर द्यायला त्याच्याकडे श्वास उरला नव्हता.

माझ्या पर्समध्ये एक कुपी आणि एक सिरिंज असते. माझ्या नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे. लग्नानंतर मी त्याला चटणीची गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला नव्हता. तो एका डॉक्टरांना विचारून ॲड्रेनलिनची कुपी घेऊन आला, मांडीत कशी टोचायची ते मला शिकवलं, आणि तारीख संपली की न बोलता नवी आणून ठेवत आलाय. या कुपीबद्दल माहेरी मी कोणाला सांगितलं नव्हतं. नाटकाला नवा अंक मिळाला असता.

कुपीची मान मोडली, औषध ओढलं. शिकले होते, टोचलं कधीच नव्हतं. दादा खुर्चीवरून घसरून जमिनीवर आला होता, ओठ निळे, छातीतून शिट्टीसारखा आवाज.

"काय करतस तू तेंका?" वैनीनं माझा हात धरला. "काय टोचतस?"

"सोड," मी म्हटलं. "माझेच राखणदार आसत ते. माका माहीत आसा ते कशाक भितत."

तिनं सोडला. मी लुंगीवरूनच त्याच्या मांडीत सुई घातली आणि दट्ट्या दाबला. मग आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसून राहिलो. वैनीचा ओरडा ऐकून शेजारी रिक्षा आणायला धावले होते. रिक्षा यायच्या आत शिट्टी कमी झाली. त्यानं एक लांब श्वास घेतला, मग दुसरा.

*

सरकारी दवाखान्यात त्याला रात्रभर ठेवून घेतलं. डॉ. सबनीसांशी फोनवर मी बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, पेशी उलटल्या नाहीत, आपलं काम करतायत. तुमच्या पेशींनी सुंगटं शत्रूच्या यादीत घातलीयत, ती यादी त्या घेऊन गेल्या. क्वचित होतं असं. मग म्हणाल्या, "पण हे मी त्यांना सांगितलं होतं. पथ्य सोडताना. कोळंबी खाण्याआधी तपासणी करून घ्या म्हणून."

मी फोन ठेवला. वैनी बाकावर बसली होती, हाताला अजून कालवणाची हळद.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

वैनीनं हात पदराला पुसला.

"वैनी."

"सांगल्यानी व्हता," ती म्हणाली. "मी थंयच व्हतंय. मी म्हटलंय, करून घेवया तपासणी. हे हसले. माका म्हणाले, तिका ॲलर्जी नायच, तर माझ्यात खंयसून येतली?"

हे मला लागलं. चटणीपेक्षा लागलं, साखरपुड्यापेक्षाही. माझ्या रक्तावर तो वर्षभर जगत होता. माझ्याच पेशींनी त्याचे ताप उतरवले होते, जखमा भरल्या होत्या. आणि तेवढ्यावरही त्याला त्याच पेशींची मालकीण खोटारडी वाटत होती. इतकी की त्या भरवशावर त्यानं जीव वाटीत घातला. मी दवाखान्याच्या मागं जाऊन रडले. मग तोंड धुऊन आत गेले, कारण त्याला बघायला कोणीतरी हवं होतं आणि वैनी झोपली होती.

दादा जागा होता. ओठ अजून सुजलेले.

"कुपी कवापासून ठेवतस?" त्यानं विचारलं.

"लग्न झाल्यापासून."

तो छताकडे बघत राहिला. "सांगूक नाय कधी."

"सांगितलं असतं तर?"

त्यानं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

*

जुने राखणदार गेले की त्यांची माहितीही जाते. लहानपणी टोचलेल्या सगळ्या लसी धुऊन निघतात, आणि माणसाला तान्ह्या मुलासारख्या पहिल्यापासून टोचून घ्याव्या लागतात. बरा झाल्यावर दादाची पहिली लस त्याच दवाखान्यात होती. तो म्हणाला, तू ये. वैनी आहे की, मी म्हटलं. तू ये, तो म्हणाला. मी कोल्हापूरहून एसटीनं गेले.

बाकावर सगळ्या आया, मांडीवर सगळी बाळं, आणि मध्ये छप्पन्न वर्षांचा आमचा बाबल, इस्त्रीच्या शर्टात. एका बाळानं त्याची मिशी बघून रडायला सुरुवात केली, मग सगळीच रडायला लागली.

सिस्टर तरुण होती. तिनं मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र दोनदा वाचलं. "बाळाबरोबर कोण आहे?" असं सवयीनं विचारलं आणि जीभ चावली.

"मी," मी म्हटलं.

"कशाची ॲलर्जी?"

मी तोंड उघडलं होतं, पण दादा आधी बोलला.

"सुंगटांची."

"कधीपासून?"

तो खाली बघत होता. "आठव्या वर्षापासून. त्याच्या आधीपासूनय आसात."

"मग इतकी वर्षं कधी खाल्लीच नाहीत?"

"एकदा. चटणीतून गेली. घरातल्याच माणसान घातली."

सिस्टरनं मान वर केली. "चुकून?"

"नाय," दादा म्हणाला. "मुद्दाम. खोटा बोलता काय ता बघूक."

"जीव गेला असता की."

"व्हय. पण कोणाक पटूक नाय. सगळे हसले."

"काय एकेक माणसं असतात," सिस्टर म्हणाली आणि सिरिंज भरायला लागली.

"आसतत," दादा म्हणाला.

मी भिंतीकडे बघत होते. भिंतीवर आईच्या मांडीवरच्या बाळाचं चित्र होतं. ते मी फार काळजीपूर्वक पाहिलं, कारण दुसरीकडे कुठं पाहिलं असतं तर मला रडू आलं असतं आणि बाळं पुन्हा सुरू झाली असती.

सिस्टरनं त्याची बाही वर केली. सुई टेकली तसा तो दचकला.

"आये गो," तो म्हणाला.

"नाटकां करू नको," मी म्हटलं, आणि त्याचा हात धरला.